परक्या माणसासमोर बसून जेवायचं?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त मुंबईत असतो, त्यामुळे आम्हा दोघांचं अधूनमधून तिकडे जाणं होतं. तिथल्या साध्या हॉटेलात गेलं की दर वेळी एकच प्रकार. चार खुर्च्यांच्या टेबलावर आम्ही नवरा-बायको बसलो की समोर दोन परकी माणसं आणून बसवतात. शेवटचा घास तोंडात असतानाच बिल पुढं येतं. आमच्या कळंबला स्टँडजवळच्या हॉटेलात एका चहावर अख्खा पेपर वाचून काढला तरी कोणी ऊठ म्हणत नाही. मुंबईची ही कुठली रीत? आणि गल्ल्यावर बघावं तर शेट्टी, नाहीतर इराणी. एवढ्या मोठ्या मराठी मुलखाच्या राजधानीत मराठी माणसाची हॉटेलं गेली कुठं?
(एक निवृत्त शिक्षक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : गुरुजी, पत्रात राग आहे, पण प्रश्न नामी आहे. बिलापासून सुरुवात करतो, कारण तो सरळ गणिताचा भाग आहे. तुम्ही वर्गात फळ्यावर घातलं असतं असंच उदाहरण.

समजा, स्टेशनाजवळ पंधरा टेबलांचं हॉटेल आहे. टेबलाला चार खुर्च्या, म्हणजे साठ खुर्च्या. दुपारच्या जेवणाची खरी गर्दी साडेबारा ते अडीच, दोनच तास. गिऱ्हाईक तासाभराने उठलं तर एका खुर्चीवर दोन माणसं जेवतात, सगळी मिळून एकशे वीस. तेच वीस मिनिटांत उठलं तर एका खुर्चीवर सहा, सगळी मिळून तीनशे साठ. आता तुम्ही दोघं चार खुर्च्यांचं टेबल धरून तासभर बसलात, तर ज्या तासात तिथं बारा माणसं जेवून गेली असती तिथं दोनच जेवली. जागेचं भाडं, आचाऱ्याचा पगार, गॅस, वीज, यातलं काहीही तुम्ही सावकाश जेवलात म्हणून कमी होत नाही. राइस प्लेटचा भाव गिऱ्हाइकाला परवडेल असा ठेवायचा तर मालकाच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खुर्ची. बिल आणि बडीशेपेची वाटी पुढं सरकवणं ही ‘आता उठा’ म्हणण्याची त्यातल्या त्यात सभ्य तऱ्हा.

पुढच्या खेपेला वेटरकडे जरा लक्ष देऊन बघा. एका हाताच्या चार बोटांत पाण्याचे चार ग्लास धरून तो येतो (बोटं पाण्यात बुडालेली असतात, ही तक्रार माझीही आहे), ग्लास ठेवता ठेवता ऑर्डर घेतो, ती लिहून घेत नाही, आणि परत जाताना शेजारच्या टेबलावरच्या रिकाम्या ताटल्या उचलून नेतो. रिकाम्या हाताने तो ना आत जातो ना बाहेर येतो. त्याच्या मागोमाग फडकेवाला पोरगा येतो, टेबलावरचं सगळं एका झटक्यात बादलीत ओढतो, आणि टेबल वाळायच्या आत पुढची माणसं बसलेली असतात. गल्ल्यावरचा मालक या सगळ्यावर नजर ठेवून सुट्टे पैसे मोजत असतो. या चक्रात तुमच्याबद्दल कोणाच्या मनात काही वाईट नाही. तुमचा चेहराही त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि मला वाटतं, कळंबच्या माणसाला तेच जास्त लागतं.

कळंबच्या हॉटेलवाल्याला हे गणित येत नाही असं समजू नका. जागा बहुतेक वेळा त्याची स्वतःची, नाहीतर भाडं झेपेल एवढं. गर्दी सकाळी सुशीला-भज्यांच्या वेळेला आणि एसटी लागली की. मधल्या वेळात रिकाम्या हॉटेलापेक्षा पेपर वाचणारे चार गुरुजी बसलेले त्यालाही बरे दिसतात. शिवाय तुम्ही त्याचे मास्तर, तुमची उधारी त्याच्या वहीत, त्याचा पोरगा तुमच्या हाताखाली शिकलेला. तरीही एकदा बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, एका चहावर पेपर उघडून बसून बघा. तुम्हाला कोणी ऊठ म्हणणार नाही, पण ‘गुरुजी, जरा सरकून घ्या’ हे वाक्य नक्की कानावर येईल.

आता मजा बघा. मुंबईतही एका चहावर तास काढता येईल अशी हॉटेलं होती, थोडी अजूनही आहेत. ती नेमकी तुम्ही ज्यांच्याबद्दल कुरकुर केलीत त्या इराण्यांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून झरतुष्टी इराणी मुंबईत आले. आधी आलेले पारशी तोवर गिरण्यांचे आणि जहाजांचे मालक होऊन बसले होते. या उशिरा आलेल्यांनी चहाची दुकानं काढली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असं सांगतात. ते खरं असो नसो, पण दोन रस्त्यांवरून माणूस आत येतो ही कोपऱ्याची कमाई कोणत्याही शकुनापेक्षा मोठी. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून-मस्का, मावा केक आणि कपातून बशीत ओतलेला गोड चहा.

इराण्याला बसू देणं परवडायचं, कारण त्याची कमाई एकट्या चहावर नव्हती. दाराशी त्याचा काउंटर असे. त्यावर पाव, बिस्किटं, अंडी, साबण, ब्लेड, सिगारेट, सगळं मिळे. चहाला आलेला माणूस जाताना काहीतरी घेऊन जाई. दुसरं कारण कायद्याचं. १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि जुन्या भाडेकरूंची भाडी जवळजवळ होती तिथंच गोठली. त्या भाड्याच्या जोरावर इराणी दोन पिढ्या तगला. मात्र जागेची किंमत आभाळाला भिडली, मुलं शिकून डॉक्टर-इंजिनिअर झाली, परदेशी गेली, तेव्हा एकेका कोपऱ्यावर बँक, मोबाइलचं दुकान किंवा परमिट रूम आली. एके काळी शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेलं आज बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. तुम्हाला गल्ल्यावर इराणी दिसला असेल तर, गुरुजी, कुरकुर करू नका, जाऊन दोन शब्द बोला.

शेट्टींची गोष्ट वेगळी आहे. उडुपीच्या कृष्णमठाभोवती स्वयंपाक आणि अन्नदान यांची जुनी परंपरा. तिथले शिवळ्ळी ब्राह्मण आचारी आधी बाहेर पडले. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले कारकून आणि टंकलेखक भाड्याने राहायला आले. इंग्रजी उत्तम, पगार बेताचा, घरचं माणूस गावी. त्यांना घरच्यासारखा भात आणि सांबार देणारी हॉटेलं तिथं उभी राहिली. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्टेशनासमोर, मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ काढलं, ते आजही चालू आहे. पैसे आधी भरायचे, कुपन घ्यायचं, बाकावर वाट बघायची, मोकळी होईल त्या खुर्चीवर बसायचं, केळीच्या पानावर जेवायचं. तुम्हाला खटकलेली प्रत्येक गोष्ट तिथं शिस्त म्हणून पाळली जाते आणि लोक तासभर रांग लावतात.

ब्राह्मणांच्या मागोमाग बंट समाजातले लोक आले, ज्यांना तुम्ही-आम्ही शेट्टी म्हणतो. कर्नाटकात १९७० च्या दशकात कुळकायदा कडक झाला, बंटांच्या जमिनी कुळांकडे गेल्या, आणि तो ओघ वाढला. त्यांची पद्धत ठरलेली असे. गावाकडचा पोरगा आणायचा, त्याला आधी टेबल पुसायला लावायचं, मग ‘बाहेरवाला’ करायचं, म्हणजे हातात चहाची किटली देऊन ऑफिसांत फिरवायचं, मग वेटर, मग गल्ला. यातले कितीतरी पोरगे दिवसा कपबशा विसळून रात्री फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत जात. दहा-पंधरा वर्षांत त्याला धंद्याची प्रत्येक खाच माहीत होई, आणि मग चार नातेवाईक पैसे उभे करून त्याला स्वतंत्र हॉटेल काढून देत. गिऱ्हाईक बदललं तसा त्यांनी मेनू बदलला; इडलीशेजारी पावभाजी आली, पंजाबी भाज्या आल्या, आता शेजवान डोसा आहे. (तो मागवू नका.)

मग मराठी माणूस कुठं होता? होता, आणि इराण्या-उडप्यांइतकाच जुना होता, पण रस्त्यावर त्याची पाटी नव्हती. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून हजारो माणसं परळ-लालबागला आली. बायको-पोरं गावी शेतीवर, आणि हा दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात वळकटी टाकून. पाळीवर गेला की त्याच्या जागी दुसरा झोपे. यांना रोज कोण जेवू घालणार? त्याच चाळीतली एखादी बाई. बहुतेक वेळा विधवा, किंवा नवऱ्याचा पगार घरात न पोचणारी. दहा बाय बाराच्या खोलीत, पहाटे चारला उठून ती वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापे, कालवण करी, पाळीनुसार डबे गिरणीच्या फाटकाशी पोचते करी. हिशोब महिन्याचा. जेवायला न आलेल्या दिवसाचा खाडा धरायचा, गावी गेला की खाडे वजा. पगार झाला की पैसे. संप झाला की उधारी. ही खानावळ. हीच मराठी माणसाची मुंबईतली सर्वांत मोठी हॉटेलसाखळी, फक्त तिला ना गल्ला होता ना नाव.

या बायकांवर सावकाराचं कर्ज असे, कारण गिऱ्हाईक महिन्याने पैसे देणार आणि वाण्याला रोख हवं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्यांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेची छोटी कर्जं मिळवून दिली. ज्या बाईकडे गहाण टाकायला भांड्यांपलीकडे काही नव्हतं, तिच्या सहीवर बँकेनं पैसे दिले. पुढं १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ परत कधी गिरणीत गेलेच नाहीत. संपाच्या इतिहासात गिरण्या किती बंद पडल्या ते लिहिलं जातं. महिनोन्महिने उधारीवर जेवू घालून ज्यांची चूल विझली त्या खानावळवाल्या त्या हिशोबात क्वचित येतात.

पाटी लावून बसलेलेही मराठी होते. दादरचं मामा काणे यांचं उपहारगृह १९१० चं, गिरगावातले पणशीकर १९२१ चे. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाला साबुदाणा वडा, थालीपीठ, पियूष देणारी ‘प्रकाश’सारखी ठिकाणं नंतर आली, शिवसेना भवनाजवळचं ‘आस्वाद’ १९८६ चं. पण त्यांची धाव त्या दोन-तीन पेठांपुरती राहिली. उडुप्यानं अंधेरीला हॉटेल काढलं की भाचा बोरिवलीला काढी. आपल्याकडे मुलगा शिकला की त्यानं नोकरी धरावी हीच आई-बापांची इच्छा, आणि भाच्याला गावाहून बोलावून फडकं हातात द्यायला आपली जीभ रेटत नसे. हॉटेलात काम करणं म्हणजे कपबशा विसळणं, ही हेटाळणी मराठी घरांत मी भरपूर ऐकलीय. १९६० च्या दशकात उडुपी हॉटेलांविरुद्ध आंदोलनं झाली, दगड पडले. त्यानं एकही मराठी खानावळ वाढली नाही. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली. त्यात ना टेबल, ना खुर्ची, ना भाड्याचं गणित. मराठी माणसानं मुंबईत सगळ्यात यशस्वी केलेलं हॉटेल हे असं उभ्या-उभ्याचं आहे.

तुमच्या भागापुरतं एक वेगळं कारणही सांगायला हवं. १९४८ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई राज्यात तो १९५६ ला आला. तुमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी मुंबई नव्हतीच. कोर्टकचेरी, शिक्षण, सरकारी नोकरी, सगळ्याचं तोंड हैदराबादकडे. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली, तिच्यावर ‘कळंब रोड’ नावाचं स्टेशनही पडलं. (गावापासून इतकं लांब की नाव वाचून कोणी उतरलाच तर पस्तावावा.) त्या रेल्वेने कुर्डुवाडीला जाऊन मुंबईची गाडी धरता येई, पण तुमच्याकडून मुंबईला जथ्याने जाणं सुरू झालं ते पुष्कळ नंतर, दुष्काळ आणि शिक्षण या दोन्हींच्या रेट्याने. कोकण्याने शंभर वर्षांपूर्वी मुंबईत जी खानावळ शोधली, ती मराठवाड्याच्या माणसाच्या वाट्याला आलीच नाही. त्याची गाठ थेट उडप्याशी पडली. आणि इराणी हॉटेल म्हणाल तर तुमच्याकडच्या जुन्या माणसांनी ते मुंबईच्या आधी हैदराबादला पाहिलं असणार. तिथला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट अजून प्रसिद्ध आहे. ज्या निजामाचं नाव तुमच्या जिल्ह्याला होतं, त्याच्याच नावावरचं ते बिस्किट.

आता राहिलं ते टेबल, ज्यावरून तुम्ही पत्र लिहिलंत. यावर मात्र मी तुमच्या बाजूने नाही. कोणाबरोबर खायचं-प्यायचं यावरून आपल्याकडे काय काय झालं ते आठवा.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढं चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्याला नुसता हात लावला. बोलावण्यामागे होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान, वल्ली माणूस. त्यांनी आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, कमिशन बसलं, बहिष्कार झाले, आणि मोठमोठ्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपावरून दोनेक वर्षं. त्याच टिळकांचं मुंबईतलं शेवटचं बिऱ्हाड होतं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे लॉजिंग-बोर्डिंगात. १ ऑगस्ट १९२० ला ते तिथंच गेले.

त्या वेळच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’ असं ठळक लिहिलेलं असे. दलितांना आत प्रवेश नसे, किंवा त्यांची कपबशी बाहेर कोनाड्यात वेगळी असे. कोल्हापूरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण पुन्हा सांगतो. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं, मदत केली. कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. भर वस्तीत, स्वच्छ, चांगला चहा, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. महाराजांना कळलं तेव्हा ते आपली गाडी त्या हॉटेलाच्या दारात उभी करू लागले, ‘गंगाराम, चहा आण’ म्हणून हाक मारू लागले आणि गाडीतल्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कायदे करणारे राजे पुष्कळ झाले. दारात गाडी थांबवून चहा मागवणारा विरळा.

मुंबईत हे काम कोणी ठरवून केलं नाही, गर्दीनं केलं. इराण्याला आपली जात-पात कळतच नव्हती, कळायची गरजही नव्हती. ज्याच्याकडे पैसा तो आत. सुरुवातीला उडप्याकडेही सोवळं होतं, पण स्टेशनावर गाड्या रिकाम्या होऊ लागल्यावर कोण कुठल्या खुर्चीवर बसतो हे बघायला वेळ कोणाला? २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानं, सार्वजनिक उपहारगृहं, हॉटेलं यांत अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. उपहारगृहाचा उल्लेख घटनेच्या मूलभूत हक्कांत आहे, गुरुजी. तो उगाच नाही. तुमच्या समोर बसवलेल्या त्या दोन परक्या माणसांची जात वेटरनं विचारली नाही, तुमचीही विचारली नाही, तुम्ही एकमेकांची विचारली नाहीत, आणि मधली चटणीची वाटी एकच होती. कळंबला स्टँडजवळच्या हॉटेलात शेजारी कोण बसलंय, कोणाचा कोण, हे तुम्हाला नाव-गावासकट माहीत असतं. त्या माहितीत आपुलकी असते आणि कधी कधी दुसरंही काही असतं. तुम्ही शिक्षक आहात, जास्त सांगत नाही.

दाटीवाटीच्या इतर शहरांतही हेच आहे. हाँगकाँगच्या चहा-नाश्त्याच्या जुन्या हॉटेलांत परक्याच्या टेबलावर बसवणं ही रोजची बाब. सिंगापूरमध्ये सरकारनं रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना मोठ्या छपराखाली आणून बसवलं. तिथं चिनी, मलय, तमिळ अशा सगळ्या गाळ्यांच्या मध्ये सामाईक टेबलं असतात, आणि जागा धरायला लोक टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जातात. त्या खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या उडप्याला कोणी घेतलेलं नाही.

वहिनींना परक्या पुरुषासमोर बसून जेवायचा संकोच होत असेल, तर ती अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. आत शिरतानाच ‘फॅमिली’ म्हणून सांगा. पुष्कळ जुन्या हॉटेलांत त्यासाठी आतली किंवा वरची खोली असते. तिथं एसी असेल तर दर जास्त लागेल, तोच मसाला डोसा वर महाग. मेनूकार्ड बसण्याआधी बघा. आणि जेवायला साडेबाराच्या आत किंवा अडीचनंतर जा. तेव्हा तेच हॉटेल, तोच वेटर, तुम्हाला अर्धा तास जास्त बसू देईल.

बिलाचा विषय निघालाच आहे, तर त्यावरच्या करांबद्दल आणि ‘सर्व्हिस चार्ज’बद्दलही थोडक्यात. साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी पाच टक्के. छोटा हॉटेलवाला ‘कंपोझिशन’ योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं त्याच्या बिलावर छापलेलं असतं. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून हॉटेलात भांडू नका. बसून खाण्याच्या जागी तसं घेता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधं पाणी मागा. सर्व्हिस चार्ज मात्र सरकारचा कर नव्हे, हॉटेलानं स्वतः लावलेली रक्कम आहे. ती बिलात परस्पर घालता येणार नाही, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. बिलावर दिसला तर गल्ल्यावर जाऊन शांतपणे काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वेटरला द्यायचं ते त्याच्या हातात द्या.